बिलीची आई कुठे आहे? – जुनी ऑस्ट्रेलियन बालपुस्तकं मुलांना वाचून दाखवताना

गवतफूल | गुरुवार, रात्री १०:२०

मंडळी, सल्ला हवाय.

गेल्या महिन्यात इथे मेलबर्नला घराजवळच्या ऑप शॉपमध्ये (जुन्या वस्तूंच्या दुकानात) मेरी ग्रँट ब्रूसचं ‘अ लिटल बुश मेड’ दोन डॉलरला मिळालं. जुनी कापडी बांधणी, पहिल्या पानावर पेन्सिलीने कुणा मुलीचं नाव, खाली १९५८. माझी लेक नऊ वर्षांची आहे. रोज झोपताना एक प्रकरण, असं आमचं ठरलं. पुस्तक मूळ १९१० सालचं. व्हिक्टोरियात बिलाबाँग नावाचं मोठं कॅटल स्टेशन (गुरं पाळायची विस्तीर्ण जागा), तिथे आईविना वाढलेली नोरा, तिचे बाबा, भाऊ जिम, त्याचा मित्र वॉली. नोरा घोड्यावर वाऱ्यासारखी जाते, मासे धरते, गुरं हाकते. लेक दोन प्रकरणांतच तिच्या प्रेमात पडली. मीसुद्धा.

मग बिली आला. घोडे सांभाळणारा ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, पोरगा. त्याच्या नावाआधी बहुतेक वेळा त्याचा रंग येतो. तोंडी ठरलेला शब्द ‘प्लेंटी’. काहीही विचारा, उत्तर प्लेंटी. भाजीच्या वाफ्यात ली विंग नावाचा चिनी माळी. त्याचं बोलणं ‘र’च्या जागी ‘ल’ घालून छापलंय, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून.

मी वाचताना शब्द गाळायला लागले. तिसऱ्या रात्री लेकीने पानावर बोट ठेवलं, “आई, हे तू सोडलंस.” मी कशीबशी वेळ मारून नेली. परवा तिने विचारलं, “नोराची आई वारली. मग बिलीची आई कुठे आहे?”

आम्ही वाचलं तिथवर तरी पुस्तकात याचं उत्तर नाही. मला काही बोलता आलं नाही.

पुढे वाचू? शब्द बदलून वाचू? की मोठी होईपर्यंत पुस्तक वरच्या फळीवर ठेवू? ही मालिका १९४२ पर्यंत चालली, पंधरा पुस्तकं आहेत, आणि तिला सगळी हवी आहेत.

दादरकर_सिडनीत | गुरुवार, रात्री १०:५१

वाचा, बिनधास्त वाचा. त्या काळी सगळेच तसे होते. आजच्या फूटपट्टीने १९१० मोजायला लागलो तर कपाटात एक पुस्तक शिल्लक राहणार नाही. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा शहाणी असतात.

शिंपला | गुरुवार, रात्री ११:०५

धागा वाचनखुणेत टाकला. आमच्याकडे हाच प्रश्न ‘मॅजिक पुडिंग’वरून आला होता. त्यातल्या जहाजावरच्या आचाऱ्याचं नावच ‘करी अँड राइस’. लेकाने लगेच विचारलं, “हा काका आपल्या गावचा का?” आजी म्हणाली, “आचारी आहे ना, मग असेल!” घरभर हसलो. पण त्या १९१८ च्या पुस्तकात कोआला, खलाशी, पेंग्विन, पुडिंग सगळे पुरुष. लेकीने तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास पुस्तक सोडून दिलं आणि मी आग्रह केला नाही.

यारापार | शुक्रवार, सकाळी ७:३५

मी शाळेच्या लायब्ररीत काम करते, त्यामुळे हा विषय रोजचा आहे. जरा मोठं लिहिते.

१९९० च्या दशकात बिलाबाँगच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत वंशावरून हिणवणारी भाषा बदलली किंवा काढली. माझ्याकडे जुनी आणि नवी दोन्ही आल्या तेव्हा एका दुपारी शेजारी ठेवून वाचल्या. शब्द गेले होते, बरं वाटलं. पण घोडा धरून उभा राहणारा तोच, मागून येणारा तोच, सहलीत सगळे जेवताना बाजूला असणारा तोच. नोराच्या, म्हणजे लिंटनांच्या घरी कुणीही आलं तर त्याचं गाव, शाळा, आईवडील, सगळं आपल्याला कळतं. बिलीचं काहीच कळत नाही. गवतफूल, तुमच्या लेकीने जे विचारलं ते कुठल्याही शब्दावर बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणून ते कुठलाही संपादक दुरुस्त करू शकला नसता.

शब्द गाळून वाचू नका असं मी सांगेन. शब्दाशी थांबा. “हा शब्द आज आपण माणसासाठी वापरत नाही, कारण...” एवढं एकदाच सांगा, मग पुढे चला. प्रत्येक पानावर थांबलात तर गोष्ट मरेल.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. इथल्या लोकांना सरसकट ‘आदिवासी’ म्हणू नका. शेकडो वेगवेगळी राष्ट्रं आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी. मेलबर्न ज्या जमिनीवर आहे ती कुलिन राष्ट्रांची, त्यातले वुरुंजेरी यारा नदीच्या काठचे. मुलांना शाळेत हे शिकवतात, आपल्यालाही यायला हवं.

मधुमालती | शुक्रवार, सकाळी ९:१०

यारापार, +१. मी नोराबद्दल बोलते, कारण लहानपणी मला ती देवासारखी वाटायची. (बाबांची बदली कॅनबेरात होती, शाळेच्या लायब्ररीत अख्खा संच होता.)

मोठेपणी परत वाचल्यावर लक्षात आलं, की नोराला मोकळीक आहे ती बाबांची ‘मेट’ (सोबती) म्हणून. ती मुलग्यांसारखी आहे म्हणून चांगली. कपड्यांची हौस असलेल्या, उन्हाला घाबरणाऱ्या मुली तिथे चेष्टेचा विषय. आणि फक्त मुली नव्हेत. ‘मेट्स ॲट बिलाबाँग’मध्ये शहरातून सेसिल नावाचा चुलतभाऊ येतो. नीटनेटका राहणारा, घोड्यावर न शोभणारा. त्याला अख्खं पुस्तक खाली दाखवतं, आणि शेवटी नोराचा लाडका घोडा बॉब्स त्याच्याच हातून जातो. म्हणजे मुलगा असून ‘तसा’ नसशील तर तुझ्या हातून वाईटच होणार. माझा धाकटा भाऊ चित्रं काढणारा, घोड्याला भिणारा होता. तो हे पुस्तक वाचून गप्प झाला होता हे मला आज आठवतंय.

पहिल्या महायुद्धाच्या पुस्तकांत तर जिम आणि वॉली लढायला जातात आणि नोरा इंग्लंडमध्ये दमलेल्या सैनिकांसाठी घर चालवते. चादरी, जेवणखाण, पाहुण्यांची उठबस. ते काम मोठंच आहे, पण गुरांच्या कळपात घोडा घालणारी पोर कुठे गेली? पुढे वॉलीशी लग्न.

१८९४ चं ‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’ घ्या. तिथली ज्यूडी सगळ्यांत हुशार, सगळ्यांत उपद्व्यापी, बापाला न जुमानणारी. ब्लू माउंटन्समधल्या बोर्डिंग शाळेतून पळून चालत घरी येते. आणि तिलाच मारलं. धाकट्या भावाला वाचवताना अंगावर झाड पडतं. मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. थोरली मेग मात्र घट्ट कॉर्सेट घालून चक्कर येऊन पडते आणि त्यातून शिकून ‘शहाणी’ होते. ती जगते.

दादरकर_सिडनीत | शुक्रवार, सकाळी ९:४८

मधुमालती, ज्यूडीच्या मृत्यूकडे शिक्षा म्हणून बघणं मला पटत नाही. ती भावाला वाचवते, वीरमरण आहे ते. एथेल टर्नर तेव्हा विशीतली मुलगी होती, तिने आपल्या सगळ्यांत लाडक्या पात्राचा बळी दिला. मुलं रडली म्हणून तर पुस्तक टिकलं.

वंशाबद्दल माझं मत तेच. त्या काळी दुसरा विचार करणारं होतंच कोण?

पानगळ | शुक्रवार, दुपारी १२:३०

दादरकर, होतं. आणि तुम्ही ज्या बाईंचं नाव घेतलंत त्यांनीच केला होता.

‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’च्या १८९४ च्या पहिल्या आवृत्तीत, मुलं यारहापिनी स्टेशनवर असताना मिस्टर गिलेट त्यांना एक गोष्ट सांगतो. ती त्याने तिथल्या टेटावाँगा या म्हाताऱ्या ॲबोरिजिनल माणसाकडून ऐकलेली असते, कूकाबरा पक्ष्याची गोष्ट. ती सुरू होताना टर्नर लिहितात, की हा देश आणखी तरुण आणि कितीतरी सुंदर होता तेव्हा टेटावाँगाचे पूर्वज शूर आणि सुखी होते, आणि गोरा माणूस त्यांच्यावर जी वेळ आणणार होता ती त्यांना दुःस्वप्नातही दिसली नव्हती.

हे १८९४ साली, मुलांच्या पुस्तकात. त्यातही पूर्वजांना ‘निष्काळजी मुलांसारखे’ म्हटलंय, तो वरून बघण्याचा सूर आहेच. पण कुणी आलं आणि कुणाचं गेलं, हे तिने लपवलं नाही.

पुढच्या आवृत्त्यांतून तो भाग काढला. अनेक पिढ्यांनी त्याशिवायच पुस्तक वाचलं. १९९४ च्या शताब्दी आवृत्तीत तो परत आला. म्हणजे ‘त्या काळी सगळे तसेच’ ही समजूतही काही अंशी अशी घडवलेली आहे. ज्यात थोडी कबुली होती ती पानं गेली, आणि बिलीसारखी पात्रं जशीच्या तशी छापत राहिली.

दादरकर_सिडनीत | शुक्रवार, दुपारी १:०२

हे खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडची प्रत १९७० च्या दशकातली आहे, आत्ता उघडून बघितली. गोष्ट नाही. माघार घेतो. ‘सगळेच’ म्हणायला नको होतं.

खारफुटी | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

डार्विनहून लिहितेय. इथे राहून एक पुस्तक टाळता येत नाही: जीनी गन यांचं ‘द लिटल ब्लॅक प्रिन्सेस’, १९०५. मटारंकाजवळच्या एल्सी स्टेशनवर त्या जेमतेम वर्षभर राहिल्या. नवरा आजारपणात गेला आणि त्या मेलबर्नला परतल्या. त्या वर्षावर त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. हे मुलांसाठीचं, बेट-बेट नावाच्या आठेक वर्षांच्या मुलीबद्दल. कितीतरी पिढ्यांनी ते शाळेत वाचलं.

वाचताना बाईंचं त्या मुलीवर प्रेम होतं हे जाणवतं. पण ते प्रेम पाळीव जिवावर करावं तसं. बेट-बेटला आंघोळ घालायची, कपडे घालायचे, मग तिच्या फजितीवर हसायचं. बायांसाठी वापरलेले शब्द आज कुणासमोर मोठ्याने उच्चारता येणार नाहीत. आणि बेट-बेट ही कल्पना नव्हती. डॉली बॉन्सन नावाची ती बाई पुढे डार्विनमध्ये राहिली, १९८८ पर्यंत जगली. जग तिला आयुष्यभर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या आठ वर्षांच्या पोरीच्या रूपात ओळखत राहिलं.

इथल्या बाजारात म्हाताऱ्या बाया पंडानसच्या (केवड्याच्या जातीच्या झाडाच्या) पानांच्या विणलेल्या पिशव्या विकायला बसतात. मी एकदा एकीला किंमत कमी करायला सांगितली, आपल्या मंडईच्या सवयीने. तिने पिशवीचं बूड उलटं करून दाखवलं. पानाची पट्टी किती बारीक चिरलीय, कुठल्या मुळीने पिवळा रंग आलाय, तो किती वेळ उकळलाय. पाच मिनिटं सांगत होती, शांतपणे. मी पूर्ण पैसे दिले. घरी येऊन बेट-बेट परत वाचायला घेतलं आणि चार पानांत बंद केलं. ते पुस्तक त्या माणसांना एवढं बोलूच देत नाही.

केळफूल | शुक्रवार, रात्री ८:४०

वाचतेय सगळं. पण मे गिब्सच्या बँक्सिया मेनना तरी सोडा! गेल्या वर्षी एका पालकसभेत कुणीतरी म्हणालं, की ‘स्नगलपॉट अँड कडलपाय’मधले ते दुष्ट बँक्सिया मेन म्हणजे काळ्या लोकांचं चित्रण. मला वाईट वाटलं.

माझ्या खिडकीत बँक्सिया या इथल्या झाडाचा एक सुकलेला बोंडा आहे. हातात घेऊन बघा कधी. काळपट, राठ केसाळ, आणि बिया बाहेर पडल्यावर उघडलेली ती जाड ओठांसारखी पुटं. अंधारात बघितलं तर कुणीही दचकेल. गिब्सबाई इंग्लंडहून लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियात आल्या, तिथल्या रानात हेच बघून दचकल्या असणार. आणि आपल्या पुस्तकांचे हक्क त्या मरताना अपंग मुलांच्या संस्थांना आणि उरलेली मालमत्ता युनिसेफला देऊन गेल्या.

यारापार | शुक्रवार, रात्री ९:०५

केळफूल, बोंडाचं वर्णन अगदी तंतोतंत. बाईंच्या मनात काय होतं हा माझा मुद्दाच नाही. पण पुस्तक पुढे ठेवल्यावर मूल काय बघतं? पुस्तकाची नायक असलेली गमनट बाळं गोरी, गुबगुबीत, गुलाबी. जे पळवून नेतात, बुडवतात, ते काळे, केसाळ, जाड ओठांचे. १९१८ साली त्याच पद्धतीने माणसांचीही व्यंगचित्रं छापत होते. वर्गात बसलेल्या कूरी (इथल्या ॲबोरिजिनल) मुलाला ते दिसतं. मी पुस्तक काढलेलं नाही, फळीवर आहे. पण लहान वर्गांना वाचून दाखवायला मी ते घेत नाही.

एथेल पेडलीचं ‘डॉट अँड द कँगारू’ (१८९९) मला जास्त त्रास देतं. अर्पणपत्रिकेतच ऑस्ट्रेलियाच्या मुलांना विनवलंय, की इथले सुंदर प्राणी निर्दयपणे संपवले जाताहेत, त्यांच्यावर दया करा. किती पुढचा विचार! आणि त्याच पुस्तकात ॲबोरिजिनल माणसं म्हणजे रात्रीच्या नाचाने डॉटला घाबरवणारी, कुत्री घेऊन कँगारूच्या मागे लागणारी टोळी. प्राण्यांसाठी एवढी करुणा, आणि त्यांच्याबरोबर साठेक हजार वर्षं राहिलेल्या माणसांसाठी काही उरली नाही.

केळफूल | शुक्रवार, रात्री ९:२२

कूरी मुलाचं बोलणं डोक्यात राहील. बोंडा मात्र खिडकीतच ठेवणार. :)

ओटीवरून | शुक्रवार, रात्री ९:३०

अवांतर: आपल्या जुन्या मुलांच्या गोष्टींतला ‘शाब जी’ म्हणणारा गुरखा, तोतरा बोलणारा गडी, सारखी रडणारी बहीण, यावर पण एक धागा...

मधुमालती | शुक्रवार, रात्री ९:३४

ओटीवरून, नवीन धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. इथे बिलीला एकदा तरी पूर्ण वेळ मिळू दे.

वाटसरू_पर्थ | शनिवार, सकाळी ८:००

एक गोष्ट कुणी बोललं नाही. ही पुस्तकं लिहिली जात होती तेव्हा आपण कुठे होतो? त्या काळात व्हिक्टोरियाच्या खेड्यापाड्यांत हिंदुस्थानी फेरीवाले कापड, सुया, दोरे घेऊन फिरत होते. १९०१ च्या इमिग्रेशन कायद्यात कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घेऊन माणसाला बंदरातून परत पाठवता येत होतं. ते ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरण पूर्ण मोडायला १९७३ उजाडलं. ली विंगच्या बोलण्यावर जे हसू आणलंय ते आपल्यावरही आणलं जाऊ शकत होतं.

हे सांगतो कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्याच एका मराठी घरच्या बार्बेक्यूला, चांगल्या शिकलेल्या माणसाने इथल्या ॲबोरिजिनल लोकांबद्दल जे म्हटलं ते इथे लिहू शकत नाही. “कामं करत नाहीत” हे त्यातलं सगळ्यांत सौम्य वाक्य. आजूबाजूला मुलं खात बसली होती. मी गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते. त्या माणसाने बिलाबाँग कधीच वाचलेलं नाही, तरी बिलीबद्दल जे तिथे आहे तेच त्याच्या तोंडी होतं. ते पुस्तकांतून नाही तर आपल्या बोलण्यातून पुढे जातं, म्हणून पुस्तक फळीवर ठेवल्याने भागणार नाही असं मला वाटतं.

पानगळ | शनिवार, सकाळी १०:२५

वाटसरू, लिहिलंत हे बरं केलंत.

गवतफूल, बिलीच्या आईच्या प्रश्नाबद्दल. मेरी ग्रँट ब्रूस १८७८ साली गिप्सलँडमधल्या सेल गावी जन्मल्या. ती जमीन गुनाइकुर्नाई लोकांची. त्यांच्या जन्माच्या पस्तीस वर्षं आधी, १८४३ मध्ये, तिथून फार लांब नाही अशा वॉरिगल क्रीकवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी हत्याकांड केलं. मारले गेलेल्यांचे अंदाज ६० पासून १५० च्या वरपर्यंत जातात. ते घडवणाऱ्यांचा म्होरक्या म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अँगस मॅकमिलनच्या नावाने एक लोकसभा मतदारसंघ होता. अलीकडे, २०१९ च्या निवडणुकीपासून, त्याचं नाव बदलून मोनॅश केलं.

बिलाबाँग काल्पनिक आहे, बिलीही. पण अशा प्रदेशात वाढलेल्या लेखिकेच्या पुस्तकात एकटाच पोरगा घोडे राखतो आणि त्याचं कुणी माणूस दिसत नाही, हे कुठून आलं असेल ते कळतं. नऊ वर्षांच्या मुलीला आकडे नकोत. “त्यांच्या घरच्यांकडून जमीन हिसकावली, बरीच माणसं मारली, मुलं वेगळी केली, आणि पुस्तक लिहिणारीने ते लिहिलं नाही” एवढं खरं सांगता येईल.

शिंपला | शनिवार, सकाळी ११:४०

बरोबरीने काय वाचावं तेही सांगा कुणी.

यारापार | शनिवार, दुपारी १:१५

नादिया व्हीटली आणि डोना रॉलिन्सचं ‘माय प्लेस’, डोळे मिटून घ्या. सिडनीतली एकच जागा, १९८८ पासून दहा-दहा वर्षं मागे जात १७८८ पर्यंत. प्रत्येक पानावर वेगळं मूल, त्याने काढलेला नकाशा, आणि सगळ्या नकाशांत एकच मोठं झाड. पहिली लॉरा, शेवटची बरंगारू, दोघी ॲबोरिजिनल मुली. मधल्या सगळ्यांना वाटतं जागा आपली. मुलं नकाशे बोटाने जुळवत बसतात.

डिक रफसीचं ‘द रेनबो सर्पंट’ (१९७५) लहानांसाठी, ॲबोरिजिनल लोकांची गोष्ट ॲबोरिजिनल चित्रकाराच्याच चित्रांत. जॉन मार्सडेन आणि शॉन टॅनचं ‘द रॅबिट्स’ जरा मोठ्यांना, कारण चित्रं भीतीदायक आहेत. नॅन चॉन्सीचं ‘टँगारा’ (१९६०) सुंदर आहे. टास्मानियातल्या हत्याकांडाला तिने तेव्हा हात घातला. पण तिथले लोक संपले असं गृहीत धरलंय. ते टास्मानियाचे पलावा लोक आजही आहेत, ते मुलांना नक्की सांगा.

खारफुटी | शनिवार, दुपारी २:०३

पॅट्रिशिया राइटसनबद्दलही कधीतरी बोलू. १९८६ चं अँडरसन पारितोषिक मिळालेली मोठी लेखिका. ॲबोरिजिनल कथांतली भुतंखेतं, जलचर तिने इतक्या आदराने आणले. पण त्या गोष्टी सांगायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न तिच्यानंतर जोरात आला आणि यायलाच हवा होता.

गवतफूल | रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पुढचं प्रकरण वाचलं, काहीही न गाळता. शब्दाशी एकदा थांबले. लेक म्हणाली, “हा वाईट शब्द आहे हे मला माहीत होतं, तू सोडलास तेव्हाच कळलं.” मग पानगळ यांनी लिहिलंय तसं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर विचारलं, “नोराला हे माहीत होतं का?” मी म्हटलं, बहुतेक नाही. “तिच्या बाबांना?” मी म्हटलं, हो, असणार.

नोरा तिला अजून आवडते. बाबांवर मात्र राग आलाय.

पुढच्या सुट्टीत गिप्सलँड लेक्सला जाणार आहोत. बेअर्न्सडेलला गुनाइकुर्नाई लोकांचं क्रोवाथुंकूलूंग कीपिंग प्लेस नावाचं संग्रहालय आहे असं समजलं. कुणी मुलांना घेऊन गेलंय का? शनिवारी उघडं असतं का?

यारापार | रविवार, रात्री १०:१०

मी वर्गाला घेऊन गेलेय. ढाली आणि झाडाच्या सालीच्या होड्या मुलं बघत राहतात. वेळा बदलतात, निघायच्या आधी फोन करा. आणि तिला जे विचारायचंय ते तिथल्या माणसांनाच विचारू द्या.